कुणाचीच हरकत नाही

फार जुन्या काळची गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटे राज्य होते आणि त्या राज्याच्या नगरात विणकरांची एक गल्ली होती. लहान मुलांनी ही गोष्ट ऐकावी. ज्यांच्या हाती परवानगीचा शिक्का असतो, त्या मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

गल्लीच्या तोंडाशी एक मैदान होते आणि मैदानाच्या पलीकडच्या कडेला विहीर. गल्लीतल्या सगळ्या घरांचे पाणी त्या एका विहिरीचे. बायका सकाळ-संध्याकाळ घागरी घेऊन मैदान ओलांडत, पोहरा सोडत, घरादाराच्या गोष्टी करत आणि परत येत. त्या वाटेची कधी कुणाला भीती वाटली नव्हती.

गल्लीत भिवरा नावाची एक विधवा राहत होती. थंडीच्या दिवसांत गल्लीतले धडधाकट पुरुष लुगडी विकायला दूरच्या पेठेला जात. भिवराचा मुलगाही त्यांच्याबरोबर गेला होता. घरात ती आणि तिची सून, दोघीच. सून पहिलटकरीण होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

एका दुपारी भिवरा दारात बसून कांड्या भरत होती. तेवढ्यात दवंडी आली.

"ऐका हो ऐका. मैदानावर तीन दिवस मद्याचा मांडव पडणार आहे. कुणाची हरकत असेल त्याने उद्या चावडीवर येऊन सांगावे. कुणी आले नाही, तर कुणाचीच हरकत नाही असे धरले जाईल."

दवंडीवाला ढोलके बडवत पुढे गेला. भिवराच्या हातातला धागा मात्र जागच्या जागी थांबला.

मांडव घालणारा कोण, हे सांगायची गरज नव्हती. नगरातल्या मोठ्या गुत्त्याचा तो मालक. हा गुत्तेवाला कधी आवाज चढवून बोलत नसे. पण त्याच्याशी वाद घातलेल्या माणसाच्या गाडीचे चाक दुसऱ्या दिवशी घाटात निखळे. त्याची तक्रार केलेल्या माणसाची कडब्याची गंजी पेट घेई. हे कोण करते ते कधी कुणाला सापडत नसे, आणि माहीत मात्र सगळ्यांना असे.

संध्याकाळी बायका भिवराच्या ओट्यावर जमल्या.

"तूच जा भिवरे. तू वयाने मोठी," शेजारीण म्हणाली.

"आणि तू गं? विहिरीवर तर तुझी जीभ सगळ्यांच्या पुढे असते."

"विहिरीवर तो नसतो ना."

कुणी हसले नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून जायचे ठरले. सकाळी मात्र एकीच्या मुलाला ताप आला होता, दुसरीची गाय अडली होती, तिसरीचे दारच उघडले नाही. भिवरा एकटी चावडीवर गेली.

कोतवाल तक्क्याला टेकून बसला होता. माणूस वाईट नव्हता. लाच खात नसे आणि नियम सोडून वागत नसे. नियम असा होता की ज्याने परवानगी मागितली, त्याला चावडीवर कोतवालाशेजारी बसायला जागा द्यायची. म्हणून गुत्तेवाला तिथेच बसला होता, विड्याच्या पानाला चुना लावत.

"या भिवराबाई," तो हसून म्हणाला. "सूनबाई कशी आहे? दिवस भरत आले म्हणे. मुलगाही गावात नाही. घरात दोघीच ना तुम्ही?"

त्यातला एकही शब्द वाईट नव्हता. तरी भिवराच्या अंगावर काटा आला.

"काय काम काढलंत, बाई?" कोतवालाने विचारले. "काही हरकत आहे का?"

भिवराने तोंड उघडले. जीभ टाळूला चिकटली होती. तिच्या डोळ्यांपुढे तिचे गवताने शाकारलेले छप्पर आले, आणि त्या छपराखाली कुशीवर निजलेली सून.

"नाही साहेब," ती म्हणाली. "इकडून चालले होते. म्हटलं, नमस्कार करावा."

कोतवालाने दुपार होईपर्यंत वाट पाहिली. आणखी कुणी आले नाही. मग त्याने अटी घातल्या. दिवेलागणीनंतर ढोल बंद. विहिरीची वाट मोकळी. प्यालेल्या माणसाने गल्लीत पाऊल टाकायचे नाही. गुत्तेवाल्याने प्रत्येक अटीला मान डोलावली.

"कुणाचीच हरकत नाही," असे म्हणून कोतवालाने शिक्का उमटवला आणि ओढ्यापलीकडच्या आपल्या घरी जेवायला गेला.

मांडव पडला. पहिल्या संध्याकाळी ढोल सुरू झाले ते दिवेलागणीनंतरही थांबले नाहीत. शेजारीण घागर घेऊन विहिरीकडे निघाली, ती मैदानाच्या अर्ध्यातून पळत परत आली. घागर कुठे टाकली ते तिने सांगितले नाही. तिच्या लुगड्याचा पदर फाटला होता, आणि तोही कसा फाटला ते कुणी विचारले नाही. मग प्यालेले लोक गल्लीत शिरू लागले. कुणी भिंतीशी उभे राहून लघवी करी, कुणी उगाच कड्या वाजवी. आत बायकांनी दिवे विझवले आणि मुलांच्या तोंडावर हात ठेवले.

सकाळ झाली म्हणून सुटका नव्हती. विहिरीच्या काठावर माणसे लोळत पडली होती. जवळ गेले की त्यांतला एखादा डोळे उघडून बघे आणि हसे. घराघरांतल्या घागरी खाली होऊ लागल्या. आधी अंघोळी थांबल्या. मग भात शिजेना, लोक कोरड्या भाकरीवर राहू लागले. तहानलेली मुले रडत आणि आया त्यांना हळू रडायला सांगत.

तिसऱ्या संध्याकाळी भिवराच्या सुनेला कळा सुरू झाल्या.

दाई गल्लीतलीच होती. ती आली, पदर खोचला आणि म्हणाली, "भिवरे, भरपूर पाणी तापत ठेव."

भिवराने घागर कलती केली. तळाशी चूळ भरण्यापुरते पाणी होते. ती दारोदार गेली. प्रत्येकीने आपापली भांडी तिच्यापुढे पालथी करून दाखवली. एका म्हातारीने नातवासाठी राखलेले अर्धा पेला पाणी दिले आणि तोंड फिरवले.

"आत्या," आतून सून कण्हत होती, "मला सोडून कुठं जाऊ नका."

"आलेच गं," भिवरा म्हणाली आणि मातीची घागर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. मैदानात मशाली जळत होत्या. माणसे एकमेकांच्या अंगावर पडत होती. विहीर मशालींच्या पलीकडे, अंधारात. भिवराने एक पाऊल टाकले. कुणीतरी तिच्याकडे बोट दाखवून काही बोलले आणि दहा-बारा तोंडे तिच्याकडे वळली. तिचे पाऊल आपोआप मागे आले.

ती वळली. गल्लीच्या मागे काटेरी कुंपण होते. त्यातून ती वाकून बाहेर पडली आणि आटलेल्या ओढ्याच्या वाटेने, नुसत्या चिखलातून, लांबचा वळसा घालून कोतवालाच्या घरी पोचली.

कोतवाल नुकताच जेवून उठला होता. डोक्यावर पागोटे नव्हते, अंगावर नुसती बंडी होती.

"साहेब, घागरभर पाणी द्या. सून अडली आहे."

"पाण्यासाठी एवढ्या लांब? मैदानात विहीर आहे ना?"

"मैदानात मांडव आहे, साहेब."

कोतवाल गोंधळला. "वाट मोकळी ठेवायची अट घातली होती मी. शिपायांना बोलावतो." त्याने हाका मारल्या. कुणीच ओ दिली नाही. दोन्ही शिपाई मांडवात पाहुणे म्हणून गेले होते.

कोतवालाच्या बायकोने मुकाट्याने घागर भरून दिली. कोतवालाने घोंगडे अंगावर घेतले.

"चला, मी येतो. लांबच्या वाटेने उशीर होईल. मैदानातूनच जाऊ."

चालताना तो म्हणाला, "चावडीवर आला होतात तेव्हाच का नाही बोललात, बाई?"

"त्याला शेजारी बसवून विचारलंत, साहेब."

कोतवाल खाली पाहत भराभर चालू लागला.

मैदान लागले. भिवरा त्याच्यामागे एक पाऊल अंतर ठेवून, घागर पोटाशी धरून चालत होती. मांडवाजवळ पाच-सहा जणांनी त्यांना घेरले. पागोट्याशिवाय, घोंगड्यातल्या त्या माणसाला कुणी ओळखले नाही.

"जोडीनं कुठं निघालात?" एक जण म्हणाला.

"म्हातारबा, पाणी कशाला नेता? आमचं न्या की थोडं," दुसरा म्हणाला आणि बाकीचे खिदळले.

एकाने कोतवालाच्या छातीवर हात ठेवला. दुसऱ्याने घागरीला धक्का दिला. घागर भिवराच्या हातून निसटली, फुटली, आणि सगळे पाणी धुळीत गेले.

आता हा बोलेल, असे भिवराला वाटले. 'मी कोतवाल आहे' एवढेच तर म्हणायचे होते. तिने त्याच्याकडे पाहिले. मशालीच्या उजेडात त्याचे ओठ हलत होते. आवाज मात्र फुटत नव्हता. त्याने घोंगड्याची टोके मुठींत घट्ट आवळून धरली होती. भिवराला आतून कळले की या माणसाला काय होत आहे. चावडीवर तिची जीभ अशीच चिकटली होती.

एवढ्यात झुलत झुलत आलेल्या एका शिपायाने वाकून त्या घोंगड्यात पाहिले. "साहेब?" तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. हसणे थांबले. ढोलही थांबले.

गुत्तेवाला कंदील घेऊन पुढे आला. तो हसतच होता.

"साहेब, आपण? निरोप तरी पाठवायचा. माणसं अडाणी आहेत, मनावर घेऊ नका. घरी वहिनी एकट्याच असतील ना आता?" त्याने कंदील कोतवालाच्या तोंडाजवळ नेला. "तुमची काही हरकत नाही ना?"

भिवराने पाहिले, कोतवालाच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"हरकत आहे," कोतवाल म्हणाला. आवाज कापत होता आणि मोठाही नव्हता. पण सगळ्यांना ऐकू गेला.

मग तो विहिरीकडे गेला. शिपायांना धड उभे राहता येत नव्हते, म्हणून पोहरा त्याने स्वतःच ओढला. मांडवातली एक कळशी उचलून भरली आणि भिवराच्या मागे गल्लीत आणून दिली.

तोवर बाळ जन्मले होते. दाईने त्याला जुन्या लुगड्याच्या कोरड्या फडक्याने पुसले होते. तिच्या स्वतःच्या हातांवर पाणी पडले नव्हते. चौथ्या दिवशी सुनेला ताप भरला. ती वाचली, पण तिचे दूध आटले ते आटलेच. शेजारच्या बाळंतिणीने आपल्या बाळाबरोबर त्या बाळालाही पाजले. भिवराने कोतवालाला कधी दोष दिला नाही. त्याच्याशी ती पुन्हा कधी बोललीही नाही.

मांडव उठला. कोतवालाने जुना नियम मोडीत काढला. आता परवानगी मागणाऱ्याला चावडीवर बसवायचे नाही. कोतवालाने एकट्याने, दिवसाउजेडी, घराघरांत जाऊन विचारायचे. आणि दारातले माणूस गप्प राहिले, तर त्याची हरकत आहे असे समजायचे.

पुढच्या थंडीत गुत्तेवाल्याने कुंभारांच्या गल्लीजवळची जागा मागितली. कोतवाल दारोदार गेला. बहुतेक दारांत त्याला नुसते खाली घातलेले डोळे दिसले. त्याने शिक्का उमटवला नाही. अखेर गुत्तेवाल्याला आपला मांडव वस्तीपासून लांब, खडकाळ माळावर न्यावा लागला.

त्याच महिन्यात कोतवालाच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. कुणी लावली ते सापडले नाही. त्याच्या बायकोला बरेच दिवस झोप आली नाही, आणि त्यालाही. कोतवालाने नवी गंजी रचली. नियम मात्र तसाच ठेवला.

बोध: भीतीने मिटलेल्या तोंडाला कधीही होकार समजू नये.