कोऱ्या कागदाचा वसा

ठण, ठण, ठण. लहानपणी आमच्या बोळाच्या पलीकडून हा आवाज यायचा. तांब्यावर हातोडी पडायची. सकाळी सुरू व्हायचा, दिवेलागणीला थांबायचा. एकदा तो भरदिवसा थांबला. मी आत्याला विचारलं, का गं थांबला? तिनं मला जवळ बसवलं आणि ही कहाणी सांगितली. तीच सांगतो. बायांनो, हातात अक्षता घ्या आणि ऐका.

नगर होतं, आटपाट म्हणतात तसं. नगरात तांबटांची आळी होती. आळीत धोंडशेट तांबट राहत होता. त्याची बायको भिवरा. त्यांना तीन लेकरं. थोरला नरहरी, मधली आवडी, धाकटा मुकुंदा. नरहरी भांडी बाजारात न्यायचा. मुकुंदा परगावी चाकरीला होता. आवडी लग्न होऊन गेली, वर्षाच्या आत विधवा होऊन माघारी आली. ती भाता ओढायची, चिंच लावून भांडी उजळायची, आईबापाचं हवं नको बघायची. पुढं घर होतं, शेजारी कारखाना होता, मागं एक खोली आणि अंगण होतं. सगळं धोंडशेटचं.

मग काय झालं? श्रावणातली षष्ठी आली. दारात एक म्हातारी उभी राहिली. अंगावर जुनेर, कपाळाला मळवट. म्हणाली, "शेट, एक कोरा कागद ठेव पाटावर. तुझ्या माघारी कुणाचं काय, ते लिही."

धोंडशेट हसला. म्हणाला, "कागद हवा तर वाण्याकडे जा, आजी. पुडी बांधायचा मिळेल."

म्हातारी गेली. भाद्रपदातली षष्ठी आली. म्हातारी पुन्हा आली. "शेट, कागद ठेव. लिही."

धोंडशेट म्हणाला, "लिहून ठेवलं की यमाला घराचा पत्ता सापडतो. उगाच कशाला?"

म्हातारी गेली. आश्विनातली षष्ठी आली. म्हातारी तिसऱ्यांदा आली. "शेट, आता तरी लिही."

धोंडशेट म्हणाला, "मुलं माझी आहेत, आजी. माझी मुलं भांडतील कशी?"

म्हातारी निघून गेली. पुढं थंडी पडली. धोंडशेटला ताप भरला. तापातच तो गेला.

मग तेरावा झाला. चौदाव्या दिवशी नरहरी म्हणाला, "घर माझं. मी इथं राहिलो." मुकुंदा म्हणाला, "कारखाना माझा. माझ्या पैशानं भाता घेतला." एकानं कारखान्याला कुलूप लावलं. दुसऱ्यानं त्यावर दुसरं लावलं. आळीतले लोक येता जाता दोन कुलपं बघायचे. हातोडी थांबली. चूल कधी पेटली, कधी नाही पेटली.

मग भांडण राजाच्या दरबारात गेलं. न्यायाधीशानं विचारलं, "बापानं काही लिहून ठेवलं होतं का?" दोघं म्हणाले, "नाही." न्यायाधीश म्हणाला, "मग कायदा सांगतो तसं होईल. बायकोला एक वाटा, लेकरांना एकेक वाटा. मुलगा असो, मुलगी असो, वाटा सारखा."

दोघं भाऊ घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. नरहरीच्या बायकोनं, दुर्गीनं, पाटावर साडी ठेवली, नारळ ठेवला. नरहरी म्हणाला, "आवडे, तुझा हक्क सोडल्याची सही कर. माहेर आहेच की तुला." मुकुंदा म्हणाला, "अक्का, दिवाळीची ओवाळणी कधी चुकायची नाही."

आवडीला वाटलं, वाटा घेतला तर भाऊ तुटतील. भाऊ तुटले तर माहेर कसलं? तिनं सही केली, साडी उचलली. भिवरा बघत होती. तिनं तोंड उघडलं नाही.

मग वाटण्या झाल्या. पुढचं घर नरहरीला. कारखाना मुकुंदाला, त्यानं तो नरहरीलाच चालवायला दिला. मागची खोली आणि अंगण भिवरेला. आवडी आईजवळ खोलीत राहू लागली. जेवण नरहरीच्या घरून यायचं. दुर्गी मनानं वाईट नव्हती, पण बोलायची. "सासूबाई आहेत तोवर ठीक आहे हो, वन्सं. पुढं आम्हांला ती खोली लागेल. मुलं मोठी होतायत."

आवडी म्हणायची, "लागेलच की, वहिनी." आणि चिंच कोळत बसायची.

भिवरेनं हे एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग तिच्या मनात येऊ लागलं, मी गेले तर ही कुठं जाईल? या वयात कुणाची भांडी घासेल? कुणाच्या ओसरीवर निजेल?

षष्ठी आली. भिवरा अंगणात बसून रडत होती. म्हातारी दारात उभी राहिली. "बाई बाई, का रडतेस?"

भिवरेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मला ओळखलंस का? तुझ्या तिन्ही बाळंतपणांत तू माझी पूजा केलीस. पाटावर कोरा कागद ठेवलास, लेखणी ठेवलीस. मी सटवाई. सहाव्या रात्री येते, लेकराच्या कपाळावर लिहून जाते. माझं लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही. तुम्ही लिहाल ते वाचता येईल. बाळासाठी कागद ठेवता, म्हातारपणी का ठेवत नाही?"

भिवरेनं पाय धरले. "माये, आम्ही चुकलो. आता वसा सांग. मी उतणार नाही, मध्येच सोडणार नाही."

सटवाई म्हणाली, "ऐक. षष्ठीला न्हावं. पाट मांडावा, त्यावर कोरा कागद ठेवावा. हळदीचं बोट लावावं. आपलं असेल तेवढंच लिहावं, दुसऱ्याचं लिहू नये. कुणाला काय आणि का, ते लिहावं. शुद्धीत असताना लिहावं, कुणी सांगतं म्हणून लिहू नये. दोन साक्षीदार बोलवावे. ज्यांना त्यातलं काही मिळायचं नाही असेच बोलवावे. त्यांच्या देखत आपण सही करावी, येत नसेल तर अंगठा करावा. मग त्यांनी आपल्या देखत करावी. मन पालटलं तर नवा लिहावा, जुना फाडावा."

भिवरा म्हणाली, "आणि मग पेटीत ठेवू?"

"पेटीत ठेवशील तर भांडणही पेटीत राहील, तुझ्या माघारी बाहेर येईल. सगळ्यांना जेवायला बसव. जेवणाआधी कागद वाच. कुणी रागावलं तर ऐकून घे. विचारलं तर खरं सांग. माघारी जो राग निघायचा, तो आपल्या डोळ्यांदेखत काढून घ्यावा. एवढा वसा."

भिवरा म्हणाली, "शेवटचं फार अवघड आहे गं."

सटवाई म्हणाली, "अवघड आहे म्हणूनच वसा. सोपं असतं तर लोकांनी उगाच केलं असतं."

मग भिवरा न्हाली. पाट मांडला, कागद ठेवला. समोरच्या कासाराला बोलावलं, शाळेच्या मास्तरांना बोलावलं. ती सांगत गेली, मास्तर लिहीत गेले. तिनं अंगठा केला. दोघांनी सह्या केल्या. मग मुकुंदाला निरोप गेला. पुरणपोळी झाली. सगळे पानावर बसले. आवडी वाढत होती.

मास्तरांनी कागद वाचला. "माझ्या माघारी मागची खोली आणि अंगण माझी लेक आवडी हिला. कारण तिला दुसरा निवारा नाही."

कुणाचा घास तोंडाकडे गेला नाही. आवडीच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

दुर्गी म्हणाली, "सहीला साडी घेतली होती ना वन्संनी?"

आवडी म्हणाली, "घेतली होती, वहिनी. अजून नेसले नाही."

नरहरी म्हणाला, "आई, तुला दोन वेळा मी जेवू घालतो. औषध मी आणतो. मग हे काय?"

मुकुंदा म्हणाला, "दादा, म्हणजे आईचं जेवण खोलीच्या भाड्यात धरत होतास होय?"

"तू गप रे. वर्षातनं दोनदा येतोस, पोळ्या खाऊन जातोस."

भिवरा म्हणाली, "नरहरी, तू जेवू घालतोस ते खरं आहे. आळीला ठाऊक आहे, देवाला ठाऊक आहे. तुझ्यावर माया कमी म्हणून लिहिलं नाही. तुला घर आहे, मुकुंदाला कारखाना आहे. हिनं तुमच्यासाठी सही केली तेव्हा मी तोंड मिटून बसले. आता माझं जे आहे ते मी देते. तुला राग आला असेल तर आत्ता बोल. मी आहे तोवर मला बोल. माघारी तिला बोलू नकोस."

नरहरीचा घास हातातच होता. तो त्यानं पानात ठेवला. तो पानावरून उठला.

भिवरेचा जीव तुटला. लेकरू भरल्या पानावरून उठलं. तिचा हात कागदाकडे गेला. वाटलं, फाडावा, म्हणजे तो बसेल, जेवेल. आवडीनं ते बघितलं. म्हणाली, "फाड, आई. दादाला जेवू दे."

भिवरेनं कागद उचलला. त्याची घडी केली, मास्तरांच्या हातात दिली. "तुमच्याकडे राहू द्या," म्हणाली. मग दुर्गीला म्हणाली, "त्याचं पान उचलू नको."

नरहरीनं हात धुतले. दारात येऊन चपला घातल्या. आईकडे बघितलं, आवडीकडे बघितलं. आणि बोळातून चालत गेला.

भिवरेनं अवघड वसा पुरा केला, तसा तुमच्याआमच्या हातून होवो. आवडीला डोईवर छप्पर मिळालं, तसं कुणाच्याही लेकीला मिळो. पुष्कळ बोलांची ही कहाणी थोड्या बोलांत सांगितली. अक्षता वाहा. ऐकणाऱ्यांना फळ मिळो, कहाणी पुरी झाली.