खुरट्या चवळीचं बी

तुमच्या पणजोबांचे पणजोबाही रांगत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

खाडीकाठी एक गाव होतं. एका उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी शेतांत शिरलं. पाणी ओसरलं, मीठ मात्र मागे राहिलं. गुरांसाठी पेरलेली चवळी वीतभर उगवायची आणि करपून जायची. वैरणीवाचून गुरांच्या फासळ्या दिसू लागल्या.

गावाचा एक रिवाज होता. पेरणीचं बी घ्यायचं ते देवळामागच्या, गोड्या विहिरीवरच्या वाफ्यातूनच. तिथला सगळ्यात टवटवीत वेल पाटील निवडायचे आणि त्याच्या शेंगा घरोघर वाटायचे. दरवर्षी तेच लाडावलेलं बी खाऱ्या शेतात पडायचं, दरवर्षी जळायचं, आणि दरवर्षी गाव समुद्राला शिव्या घालायचं. आहे की नाही गंमत?

शेवटी पाटील म्हणाले, "सगळी गुरं घाटावर धाडून द्या. इथे ठेवून मारायची का?"

गावात आवडाई नावाची एकटी बाई होती. मोरी गाय हाच तिचा सगळा संसार. ती सगळ्यांसमोर उभी राहिली.

"माझी मोरी कुठ्ठं जायची नाही!"

"मग खायला काय घालशील? मीठ?" पाटलांनी विचारलं. "ती उपाशी मेली तर पाप तुझ्या माथी हो, आवडाई!"

"माझ्या माथी तर माझ्या माथी!"

गावाची गुरं घाट चढून गेली. आवडाई रोज खाडीच्या चिखलात उतरून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवराचा पाला आणायची. मोरी तो खायची, पण अंग धरत नव्हती. तिच्या पाठीवरून हात फिरवताना आवडाईच्या बोटांना हाडं लागायची. आपल्या हट्टापायी हिचा जीव जाणार का, या भीतीने ती रात्रीतून उठून मोरीला पाहून यायची.

एकदा करपलेल्या शेतातून जाताना ती थबकली. मेलेल्या रोपांमध्ये चवळीचा एक वेल जिवंत होता. पानांच्या कडा जळलेल्या, उंची बोटभर, पण एक शेंग धरलेली. आवडाईने ती शेंग पदरात बांधली.

"खुरट्याचं बी?" पाटील हसले. "अगं, ते कोंबड्यांपुढे टाकतात!"

"हा खुरटा तुमच्या सगळ्या पैलवानांना पुरून उरलाय, पाटील!"

पाटील मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "बरं, निदान विहिरीवरच्या वाफ्यात तरी पेर. तिथे जगेल."

"तिथे कुणीही जगेल," आवडाई म्हणाली. जिथे मीठ पांढरं फुटलं होतं, त्याच कोपऱ्यात तिने ते दाणे पेरले.

बरेचसे मेले. जे उरले, त्यांचंच बी तिने पुन्हा तिथेच पेरलं. लोक हसले. ती पेरत राहिली. पुन्हा मेले, पण कमी. मोरी हाडांचा सापळा झाली, तरी तग धरून होती. असं करता करता एका वर्षी तो पांढरा कोपरा हिरवागार झाला. आवडाईने पहिला भारा मोरीपुढे टाकला आणि तिच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली.

मग काय! पाटील स्वतः दारात आले.

"आवडाई, गावाला बी दे."

"देते की. पण विहिरीवर पेरायचं नाही. खाऱ्यातच पेरायचं."

"आणि त्यातला चांगला वेल कसा निवडायचा?"

"तुम्ही निवडूच नका, पाटील. ते काम मिठाला करू द्या. तुम्ही फक्त उरलेल्याला हसू नका."

पाटलांनी मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली. त्या वर्षापासून गावाची शेतं पुन्हा वैरणीने भरली, आणि घाटावर गेलेली गुरं एकेक करून घरी आली.

बोध : संकटात जे टिकलं त्याला खुरटं म्हणून फेकू नका, उद्याचं बियाणं तेच असतं.