पाण्याने भरलेली होडी

एकदा एका बंदरातील व्यापाऱ्याचे गलबत वादळात फुटले. त्यावरचे म्हातारे खलाशी एका लहान लाकडी होडीच्या आधाराने परतले. धट्टीकट्टी, पट्टीची पोहणारी तरुण मुले मात्र गेली. व्यापाऱ्याचा थोरला मुलगा त्यांतच होता.

धाकट्या अच्युतला घेऊन व्यापारी गावातील वृद्ध आचार्यांकडे आला. “याला काहीही शिकवा, फक्त समुद्रापासून दूर ठेवा.”

आचार्य म्हणाले, “उद्या सकाळी तुम्हीही या, शेटजी.”

दुसऱ्या दिवशी तिघे होडीतून निघाले. समुद्र शांत होता. किनारा बराच मागे पडल्यावर आचार्य खाली वाकले आणि होडीच्या तळाचे लाकडी बूच उपटून त्यांनी सरळ पाण्यात भिरकावले!

पाणी घोट्यापर्यंत आले, गुडघ्यापर्यंत आले, तसा व्यापारी ओरडला. “एक समुद्राने नेला, आता हा तुम्ही बुडवता?”

“बाबा, किनारा दिसतोय, मी पोहत जातो!” अच्युत उडी घेणार, तोच आचार्यांनी त्याचे मनगट पकडले. “होडी सोडायची नाही. हिचा काठ धर.”

होडी काठोकाठ भरली, पण लाकडाची असल्याने बुडेना. छातीभर पाण्यात तिघे तिला धरून बसले. अच्युत थरथर कापत होता. हळूहळू त्याचा श्वास ठिकाणावर आला. मग त्याने आपणहून वल्हे उचलले.

वाळूवर पाय टेकताच व्यापारी संतापाने आचार्यांकडे वळला. आचार्य शांतपणे म्हणाले, “परतलेल्या खलाशांना मी विचारले. होडी भरली, तशी तरुणांनी ती सोडली आणि किनाऱ्याकडे झेप घेतली. म्हातारे धरून बसले. कारण असे भय त्यांनी पूर्वी पचवले होते. मुलांच्या अंगात बळ कमी नव्हते, शेटजी. संकटाशी त्यांची ती पहिलीच भेट होती. पहिली भेट गुरूच्या देखत व्हावी.”

अच्युत हलकेच म्हणाला, “बाबा, दादाला हे कुणी दाखवलं असतं तर...”

व्यापारी मटकन वाळूत बसला. मुलगा गेल्यापासून तो रडला नव्हता, आज रडला.

पुढच्या सकाळी आपल्या साऱ्या गलबतांवरचे तरुण खलाशी घेऊन तो आचार्यांच्या दारात उभा होता.