पाच जणांचं शिष्टमंडळ

प्रत्येक सरकारी इमारतीला लिफ्ट आणि व्हीलचेअरसाठी उतार सक्तीचा व्हावा, म्हणून अपंगांच्या संस्थेच्या मानद अध्यक्षा कुमुदताई धारप अकराव्यांदा सचिवांच्या दालनात आल्या. नेहमीसारख्याच, तीन जिने एकट्यानं चढून.

सचिवसाहेबांनी निवेदनाकडे पाहिलंही नाही. "बाई, वेळ शिष्टमंडळाला दिली होती. शिष्टमंडळ म्हणजे किमान पाच जण. तुम्ही तर दर वेळी एकट्याच."

"पाच जण आलोय, साहेब," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या. "चौघे व्हीलचेअरवर, खाली पहिल्या पायरीपाशी थांबलेत. दर वेळी तिथंच थांबतात. मोजायचे असतील तर तुम्हालाच उतरावं लागेल."

साहेब निवेदन हातात घेऊन उठले.

त्या दिवशी कुमुदताई ते जिने पहिल्यांदाच कुणाच्या तरी सोबतीनं उतरल्या.