अस्वलाचे वाळवण आणि मुंगीची रांग

मोहाच्या जुन्या झाडांचे एक जंगल होते. त्यातल्या सर्वांत थोरल्या झाडाच्या मुळाशी एक म्हातारी मुंगी आपल्या भल्यामोठ्या गोतावळ्यासह राहत असे. येत्या आठवड्याचे हवामान साऱ्या जंगलाला तिच्याकडूनच कळे. त्यासाठी ती काही बोलत नसे. ओल येणार अशी चाहूल पायांना लागली, की तिच्या लेकी अंडी तोंडात धरून झाडावर चढू लागत. रांग खालच्या खोबणीत थांबली, तर शिंतोडे. वरच्या ढोलीपर्यंत गेली, तर मोठा पाऊस. आणि रांगच दिसली नाही, तर आठवडाभर कडक ऊन.

चैत्र लागला आणि मोहाची फुले टपटप गळू लागली. झाडामागच्या उतरत्या कातळावर अस्वलाने पावसाळ्याच्या बेगमीसाठी फुलांचे वाळवण घातले, खारीने त्याच्या कडेला आपले चिमूटभर मांडले. मुलांनो, अस्वलांना मुंग्या खायला किती आवडतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण या अस्वलाचा म्हातारीवर फार जीव. तिच्या झाडाजवळून जाताना ते श्वाससुद्धा जपून घेई. एके सकाळी ते खारीला घेऊन ओशाळल्या तोंडाने तिच्यापाशी आले.

"आजी, एक मागणं आहे. फुलं वाळायला अजून सात दिवस लागतील. तेवढे दिवस तुमची रांग वर नेऊ नका."

"का रे बाबा?"

"गेल्या खेपेला तुम्ही चढलात आणि दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. त्याआधी चढलात, तेव्हाही पाऊस आला. चढला नाहीत, तेव्हा एकदाही आला नाही. मग पाऊस आणतं कोण?"

"एवढा आठवडा दम धरा, आजी," खारही म्हणाली.

मुंगीला हसू आले. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. त्याच पहाटे तिच्या पायांना ओलही जाणवली होती. पण अस्वलाचे तोंड इतके केविलवाणे झाले होते, की तिला नाही म्हणवेना. ढग बाजूने निघून जातील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. "बरं, नाही चढत," ती म्हणाली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

चार दिवस लख्ख ऊन पडले. अस्वल रोज येऊन म्हणे, "बघा आजी, मी म्हटलं नव्हतं?" मुंगीच्या जिवाला मात्र घोर लागला होता. पाचव्या दुपारी डोंगरामागून काळे ढग आले आणि पाऊस कोसळला. कातळावरचे पाणी थेट झाडाच्या मुळाकडे धावले. बिळात हजारभर अंडी होती. मुंगीच्या लेकी ती उचलून खोडावर चढू लागल्या, तर वरून येणाऱ्या लोटाने धडाधड खाली पडू लागल्या.

अस्वल तेव्हा कवेत फुले गोळा करत होते. त्याने ती कोसळणारी रांग पाहिली आणि रांग पाऊस आणत नाही, पावसापासून पळते, हे त्याला कळले. कवेतली फुले तिथेच टाकून ते धावले, पाण्याकडे पाठ करून बिळाशी उभे राहिले आणि खोडाला मिठी मारून म्हणाले, "आजी, माझ्या पोटावरून चढा. तिथं कोरडं आहे."

मग पोटाच्या केसांतून, गळ्यावरून, नाकाच्या शेंड्यावरून सगळी रांग ढोलीत पोहोचली. नाकात गुदगुल्या झाल्या, पण अस्वल शिंकले नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला. कातळ धुऊन निघाला होता, फुले ओढ्यात गेली होती.

"तुझं वाळवण गेलं रे," मुंगी म्हणाली. "त्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर वाचलं असतं. चुकलं माझं."

"मागणं तर माझंच होतं," अस्वल म्हणाले. मग त्याने भीतभीत विचारले, "आजी, उद्या पुन्हा फुलं पडतील. येत्या आठवड्याचं काय?"

मुंगीने पाय मातीवर टेकले. "परवा पाऊस आहे."

अस्वलाचे तोंड पुन्हा तसेच केविलवाणे झाले. मुंगीला वाईट वाटले, पण या वेळी तिने शब्द फिरवला नाही.

"मग गुहेत पसरतो," असे म्हणून अस्वल जागा झाडायला निघाले.

तात्पर्य : जिथे माया असते, तिथे खरे आधी सांगावे. ऐकणाऱ्याचे तोंड घडीभर उतरते, पण त्याचे वाळवण वाचते.