मोगऱ्याची सावली

इनामदारांना हुकूम सोडायची भारी हौस. वैशाखातल्या भर दुपारी करंजाखालच्या खाटेवर लोळत ते गरजले, "हा करंज तोडा! ना रूप, ना वास. इथं मोगरा लावा, दरसाल फुलेल."

तुळसा माळिणीच्या काळजात चर्र झालं. करंज तिच्या सासूनं लावलेला. त्याच्याच फांदीला झोळी बांधून तिनं या इनामदारांना जोजवलं होतं.

तिनं मोगऱ्याची कुंडी आणून उन्हात ठेवली. "तोडते की, सरकार! फक्त खाट मोगऱ्याच्या सावलीत घ्या आणि हुकूम पुन्हा सांगा."

इनामदारांनी गुडघाभर मोगऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे, आणि खो खो हसत सुटले.

"तुळसाआई, मोगरा कुंपणाशी लाव. माझी झोळी राहू दे!"