बोलका पापडखार

एक होता राजा. राज्य एवढंसं, राणीच पापड लाटायची. हसू नका. आणि पांघरुणात कोण काय चघळतंय? बरं, ऐका.

तर राणीनं उडदाचं पीठ कुटलं, लाट्या केल्या, परातीत ओल्या फडक्याखाली झाकल्या. मग पोळपाट आणायला गेली. येऊन बघते तर लाट्या कमी! परातीशेजारी भुरी मांजर बसलेली. मिशा चाटत होती. राणीला संशय आला.

दुसऱ्या दिवशी तसंच. लाट्या कमी, भुरी शेजारी. मग राणीनं पोतंच काढलं. "हिला नदीपलीकडे सोडून यायची."

राजकन्या यमू रडायला लागली. भुरी तिच्या कुशीत झोपायची ना. "आई, ती उडदाला तोंडसुद्धा लावत नाही गं."

"मग मिशा का चाटते?" राणी म्हणाली. मांजर मिशा चाटणार नाही तर काय करणार, पण संशयी माणसाला कोण सांगणार?

तेवढ्यात दारावर एक म्हातारी आली, पापडखार विकणारी. म्हणाली, "राणीबाई, हा खार घाला पिठात. न विचारता लाटी खाल्ली, की पोटातून बोलते." राणीनं त्याचा वास घेऊन बघितला, तो जिभेला लावून बघितला, म्हातारीला वरून खालून न्याहाळलं, आणि मग घेतला. म्हणाली, "आज भुरीचं पोट बोललं, की लगेच पोत्यात."

तिसऱ्या दिवशी त्या खाराच्या लाट्या झाल्या. पुन्हा कमी भरल्या. राणी मनातून खूशच झाली, बरं का.

दुपारी पानं मांडली. दाराशी पोतं तयार. सगळे एकमेकांकडे तिरके बघतायत. आणि आवाज आला, "मी इथे आहे!"

राजाच्या पोटातून! राजा खोकला, पाणी प्यायला. लाटी पुन्हा म्हणाली, "तेलात बुडवून खाल्लं मला." राजा पानात बघत बसला.

मग दुसरा आवाज. "मीपण इथे आहे." राजाच्या आईच्या पोटातून! तिनं पदर तोंडाला लावला. "काय करू गं सूनबाई? दात नाहीत मला. तुझा पापड सगळे कुडूमकुडूम खातात, मी नुसती ऐकते. लाटी तेवढी तोंडात विरघळते." राणीला वाईट वाटलं. सासूबाईंना पापड चावत नाही, हे आपल्या ध्यानातच आलं नाही.

तरी तिचा संशय जाईना. "भुरीनं खाल्लीच असणार." ती वाकली, भुरीच्या पोटाला कान लावला. आत नुसती घुरघुर. आणि वाकल्यावर तिच्याच पोटातून एकदम गलका झाला, "आम्ही इथे आहोत! मीठ बघायला एक! मिरं बघायला एक! हिंग बघायला एक!"

राणी मटकन खालीच बसली. कोणी हसायची हिंमत करेना. मग आणखी एक आवाज आला, यमूच्या पोटातून. सगळे वळले. पण आत लाटी नव्हती. भूक होती ती. भुरी जाणार म्हणून पोरीनं सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं.

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं यमूला मांडीवर घेतलं, तूपभात भरवला. भुरीला दूधभात वाढला. म्हणाली, "चुकले गं बाई. मलाच मी पकडायला निघाले होते."

त्या पोत्यात पुढे कांदे भरले. आणि पापडांच्या दिवशी पहिल्या लाट्या सगळ्यांच्या मध्ये, तेलाच्या वाटीशेजारी. सगळ्यात मऊ सासूबाईंना. भुरी शेजारी बसून मिशा चाटायची, पण तिला कोणी काही विचारलं नाही. सगळे पोटभर जेवले, गाढ झोपले.

तुम्हीही झोपा आता. हं? हे कुणाचं पोट वाजलं? राहू दे, सांगू नका. सकाळी एकेकाच्या पोटाला कान लावून बघते मी. आणि भूक असली तर आत्ताच सांगा रे, दूधभात झाकून ठेवलाय.